केळीच्या बाजाराचं मॉडेल करायचंय, एजंट टूलकिट कोणतं घेऊ?

केळीबाग:
नमस्कार मंडळी, मी यावलचा, जळगावला एमएस्सी कॉम्प्युटर करून राह्यलो. प्रोजेक्टला आपल्या केळीबाजाराचं सिम्युलेशन घेतलंय, ५०० शेतकरी, ४० व्यापारी, ट्रक, सावद्याहून दिल्लीला जाणारी वॅगन, हे सगळे आपापले एजंट, म्हणजे प्रोग्राममधली आपापल्या नियमानं वागणारी पात्रं, आणि बोर्डावर एक भाव जाहीर झाला तरी बांधावर कमी का मिळतो ते शोधायचं. असे एजंट लिहायच्या टूलकिटची नेटलोगो, मेसा (पायथनमधलं), जेड (जावातलं) अशी तीन नावं काढली, तुलनेचे तक्ते वाचून डोकं गरगरलं. जावा येते, पायथन बऱ्यापैकी. घरची बाग आहे, त्यामुळे नुसतं मार्कांपुरतं नाहीये हे. कोणी वापरलंय का?

भुसावळ जंक्शन:
भाऊ, तक्ते ठेव बाजूला. दहा शेतकरी, तीन व्यापारी, एक दिवस, एवढाच तुकडा तिन्हीत लिही, दोन दिवसांत कळेल. मी जेडवर सहा महिने घातले. टेलिकॉम इटालिया कंपनीनं बनवलेलं ते, वेगवेगळ्या मशीनवरचे एजंट मेसेजवर बोलतात, खरी सिस्टिम उभारायला दणकट आहे. पण तिथं प्रत्येक एजंटचा थ्रेड वेगळा, म्हणजे सगळे एकाच वेळी स्वतंत्र चालतात, कोणाचा मेसेज आधी पोचेल सांगता येत नाही, काल आलेला ग्राफ सरांसमोर आज काही केल्या येईना. तुला प्रयोग करायचेत, तोच रन पुन्हा तसाच यायला पाहिजे. मेसा नाहीतर नेटलोगो घे, सीड, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, ठरवून दे.

केळीबाग:
तुकडा मेसात लिहिला दादा. पण यादीतल्या पहिल्या शेतकऱ्यालाच रोज चांगला भाव मिळतोय, कोड तीनदा तपासला.

भुसावळ जंक्शन:
एजंट रोज त्याच क्रमानं चालतायत म्हणून. मेसा ३ असेल तर यादीच्या क्रमानं चालवणारं नुसतं डू नको, दर वेळी क्रम पिसणारं शफल-डू वापर. नेटलोगोत एजंटांना चालवणारी आस्क ही आज्ञा आपसूकच क्रम पिसते. टूलकिट निवडताना हे आधी बघायचं, नाहीतर क्रमामुळे आलेला फरक आपण बाजाराचा समजून बसतो.

पारोळ्याहून:
शेतकऱ्यांना दाखवायचं असेल तर नेटलोगोच. १९९९ पासूनचं आहे, फुकट आहे, स्लायडर सरकवला की पडद्यावर लगेच फरक दिसतो. आमच्या काकांनी बघता बघता विचारलं, कापणीला आलेला घड हा शेतकरी किती दिवस थांबवतो? ते मी टाकलंच नव्हतं! फार थांबला तर झाडावरच पिकतो, व्यापाऱ्याला ते माहीत असतं, भाव तिथंच पडतो.

केळीबाग:
बरोबर, आमच्याकडंही तेच होतं. शेतकरी एजंटला 'उरलेले दिवस' लावतो आणि मेसातच पुढं जातो, रन झाले की इथं टाकतो.