विषय: ईलिंग हॉस्पिटलची ए अँड ई (अपघात आणि तातडीच्या उपचारांचा विभाग) वाचवायला शनिवारी नक्की या

सोमवार, १० सप्टेंबर २०१२

नमस्कार मंडळी,

बुधवारी १९ ला गणपती बसतायत, सगळे तयारीत असणार, तरी त्याआधीचा शनिवार (१५ तारीख) अर्धा दिवस मोकळा ठेवा. ईलिंग हॉस्पिटलसाठी मोर्चा आहे, साउथॉल पार्क आणि ॲक्टन पार्क दोन्हीकडून निघून ईलिंग कॉमनच्या मैदानावर एकत्र यायचंय. नॉर्थ वेस्ट लंडनमधल्या ९ पैकी ४ ए अँड ई बंद करायचा एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) बेत आहे. त्यांच्या पसंतीच्या पर्यायात ईलिंग, चेअरिंग क्रॉस, हॅमरस्मिथ आणि सेंट्रल मिडलसेक्स जातात. सेंट्रल मिडलसेक्स तर गेल्या नोव्हेंबरपासून रात्री बंदच असतं.

"अर्जंट केअर सेंटर राहणारच आहे की" असं बरेच जण म्हणतायत. अहो तिथे जीपी (फॅमिली डॉक्टर) बघतात, टाके घालतील, किरकोळ हाड मोडलं तर प्लास्टर घालतील, पण निळा दिवा लावून धावणारी ॲम्ब्युलन्स तिथे येणार नाही. पाटीवर "अर्जंट" दिसलं म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला कोणी तिथे नेलं तर काय, याचीच मला धास्ती वाटते.

साउथॉलहून

---

मंगळवार, ११ सप्टेंबर

वहिनी, तुमची तळमळ कळते, पण दुसरी बाजूही मांडतो. २०१० पासून लंडनमध्ये स्ट्रोकचे पेशंट फक्त ८ मोठ्या युनिट्समध्ये नेतात, जवळचं हॉस्पिटल सोडून लांब नेतात, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे स्कॅन आणि स्पेशालिस्ट रात्रीसुद्धा हजर असतात. नऊ ठिकाणी तेवढे सीनियर डॉक्टर आणणार कुठून? शिवाय मंडळाच्या नावाने मोर्चा नको असं माझं मत.

हॅरोहून

---

मंगळवार रात्री

डॉक्टर, स्ट्रोकचं शंभर टक्के मान्य. पण ते तर आधीच वेगळं काढलंय ना, ईलिंगच्या पेशंटला आजही नॉर्थविक पार्क हॉस्पिटल नाहीतर चेअरिंग क्रॉसला नेतात, आणि आता चेअरिंग क्रॉसचं युनिटही सेंट मेरीज हॉस्पिटलला हलवायचं चाललंय. मी बोलतेय ती बाकीच्यांबद्दल, न्यूमोनियाने धाप लागलेल्या आजी, साखर एकदम उतरून बेशुद्ध पडलेले आजोबा, ताप चढून झटके आलेलं पोर. साउथॉलमध्ये डायबेटिस किती आहे ते तुम्हाला मी काय सांगणार. घरोघरी गाडी नाही, २०७ बस हॉस्पिटलपाशी थांबते म्हणून माणसं तिथवर पोचतात, आणि नॉर्थविक पार्कला जायचं तर बस बदला, संध्याकाळचं ट्रॅफिक बघा. डॉक्टर कमी असतील तर भरती करा असं म्हणायला नको का आपण?

मंडळाचा बॅनर नकोच, तेवढं पटलं. आपापल्या नावाने जाऊ.

आणि मोर्च्याइतकंच महत्त्वाचं, ८ ऑक्टोबरच्या आत कन्सल्टेशनचा (या बेतावर लोकांची मतं मागवणारा) फॉर्म भरा. त्यात ए, बी, सी असे तीन पर्याय आहेत. सी मध्ये ईलिंग वाचतं, म्हणून कृपा करून घाईने त्यावर टिक करू नका, कारण मग वेस्ट मिडलसेक्सची ए अँड ई जाते, म्हणजे आयलवर्थ, हाउन्स्लोच्या आपल्याच लोकांची. तिन्ही पर्याय नामंजूर असं लिहा आणि का ते आपल्या शब्दांत लिहा, तुम्ही कुठे राहता, रात्री दोनला कसे पोचणार, घरात कोण आजारी आहे. सगळ्यांनी एकच मजकूर चिकटवला तर तो एकगठ्ठा मोजून बाजूला ठेवतील अशी मला भीती आहे. इंग्रजी फॉर्म बघून घरातले मोठे बाजूला ठेवतात, त्यांच्या शेजारी बसून त्यांचं म्हणणं तुम्ही लिहून द्या.

---

बुधवार, १२ सप्टेंबर

ताई, आम्ही हाउन्स्लोत, सी चं हे खरंच लक्षात आलं नव्हतं, बरं झालं लिहिलंत. सासूबाईंचा आणि आमचा असे फॉर्म या रविवारी भरते. शनिवारी आम्ही तिघं येतोय, पण सासूबाईंना एवढं चालवणार नाही, तर त्यांना थेट कॉमनवर आणलं तर तुम्ही कुठल्या बाजूला असाल? आणि डॉक्टर, तुम्ही मोर्च्याला नाही आलात तरी चालेल, पण फॉर्मचे वैद्यकीय प्रश्न समजावून सांगायला अर्धा तास फोनवर द्याल का?

हाउन्स्लोहून