मदत हवी आहे: पीसीआय कार्डाचा इंटरप्ट १३ मिनिटांनी बंद पडतोय, ड्रायव्हरमध्ये काय चुकतंय?

नमस्कार मंडळी. मी येळ्ळूरचा, बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मशीनचं इलेक्ट्रॉनिक्स बघतो. मोल्डच्या कन्व्हेयरवर एन्कोडर (रोलर फिरला की पल्स देणारा सेन्सर) बसवलाय, एका फेरीला १००० पल्स, शिवाय प्रत्येक मोल्ड पुढनं गेला की सिग्नल देणारा एक सेन्सर. दोन्ही पीसीतल्या एका जुन्या पीसीआय कार्डाला जोडलेत, काही घडलं की कार्ड पीसीला इंटरप्ट, म्हणजे 'माझ्याकडं बघ' असा सिग्नल देतं. कार्डाबरोबर आलेला ड्रायव्हर फार जुन्या कर्नलचा (लिनक्सचा गाभा), नव्या लिनक्सवर कंपाईलच होईना म्हणून तीन आठवडे झाले मीच लिहालोय.

प्रॉब्लेम असा की लाईन चालू केली की सगळं व्यवस्थित चालतंय, आणि १३ मिनिटांनी लॉगमध्ये 'आयआरक्यू १७: नोबडी केअर्ड' (१७ नंबरच्या इंटरप्ट लाईनचा सिग्नल कुणीच आपला म्हटला नाही) येतंय, खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू', आणि मोजणी ठप्प. त्याच इंटरप्ट लाईनवर यूएसबी कंट्रोलरपण आहे त्यामुळं कीबोर्डपण मरतोय, मग पीसी बटण दाबूनच बंद करावा लागतो. काल बेल्टचा वेग दुप्पट केला तर साडेसहा मिनिटांतच बंद पडलं.

काय काय करून बघितलं ते सांगतो. कर्नल स्वतःच 'आयआरक्यूपोल' हा पर्याय लावून बूट करा म्हणतोय, तसं केलं, फरक नाही. हँडलरमधनं (इंटरप्ट आला की चालणारं माझं फंक्शन) कायम 'आयआरक्यू हँडल्ड' (माझा होता, बघितला) परत पाठवलं, तर मेसेज गेला पण अख्खा पीसीच गोठला. थ्रेडेड हँडलर करून (काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाकून) वनशॉट फ्लॅग (थ्रेड संपेपर्यंत लाईन बंद ठेवणारा) लावला तर रिक्वेस्टच फेल, एरर १६. आता डोकं चालेना झालंय. सुपरवायझर रोज सकाळी कानडीत 'आतेनरी?' (झालं का?) विचारतात, आणि गणपतीच्या आधी लाईन द्यायची आहे. हँडलरमध्ये मी कार्डाचं स्टेटस रजिस्टर (इंटरप्ट कशामुळं आला ते दाखवणारे बिट) वाचतो, सेन्सरचा बिट असेल तर क्लिअर करतो, नसेल तर 'आयआरक्यू नन' (माझा नाही). यात चूक कुठं आहे?

प्रतिसाद १:
वेग दुप्पट केल्यावर वेळ बरोबर निम्मा झाला ना, तिथंच उत्तर आहे बघा. तुमचा रोलर मिनिटाला साधारण ५ फेऱ्या मारत असणार, १३ मिनिटांत ६५ फेऱ्या, म्हणजे ६५ हजार पल्स. कार्डावरचा काउंटर १६ बिटचा आहे का? असेल तर ६५,५३६ ला तो ओव्हरफ्लो होणार, म्हणजे परत शून्यावर येणार, आणि त्याचा वेगळा स्टेटस बिट वर येणार. तुम्ही एनेबल रजिस्टरमध्ये (कुठले इंटरप्ट चालू ते ठरवणारं) काय लिहिलंय?

धागाकर्ता:
हो, १६ बिटचाच! एनेबलमध्ये जुन्या ड्रायव्हरसारखे सगळेच बिट चालू केलेत.

प्रतिसाद १:
मग झालं. पीसीआयची ही लाईन लेव्हल ट्रिगर्ड असते, म्हणजे इंटरप्टचं कारण क्लिअर होईपर्यंत ती खालीच ओढलेली राहते. ओव्हरफ्लोचा बिट तुम्ही बघतच नाही, म्हणून हँडलर परत परत बोलवला जातो आणि दरवेळी 'माझा नाही' म्हणतो. कर्नल १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कुणीच घेतले नाहीत असं दिसलं की लाईन बंद करतो. तुम्ही कायम 'हँडल्ड' म्हटलंत तेव्हा इंटरप्टचं वादळ तसंच चालू राहिलं, फक्त ते थांबवणारं कुणी उरलं नाही, म्हणून पीसी गोठला. कर्नलचा तो मेसेज कधी दाबू नका, तो तुमच्या बाजूचा आहे. एरर १६ चं कारण वेगळं, शेअर्ड लाईनवर सगळ्यांचे वनशॉट फ्लॅग जुळावे लागतात आणि यूएसबीवाला तो लावत नाही. तुम्हाला थ्रेडची गरजच नाही. दोन्ही बिट तपासा, जे वर असतील तेवढेच क्लिअर करा, ओव्हरफ्लो आला की मोजणीत ६५,५३६ मिळवा, आणि क्लिअर केल्यावर स्टेटस एकदा परत वाचा, नाहीतर पीसीआयवर लिहिलेलं मधल्या बफरमध्ये अडकून राहू शकतं.

प्रतिसाद २:
एक भर घालतो. मोजणी दुसरीकडनं वाचताना स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्या, इंटरप्ट बंद करणारा, आणि काउंटर वाचून झाल्यावर ओव्हरफ्लोचा बिट बघा. बिट वर असेल तर काउंटर परत वाचा आणि मगच ६५,५३६ मिळवा. नाहीतर ऐन ओव्हरफ्लोच्या वेळी आकडा एकदम ६५ हजारांनी मागं जाईल.

धागाकर्ता:
दादा, सकाळी आठला चालू केली, आता दुपारचे चार वाजलेत, एकदाही बंद नाही! प्रॉक इंटरप्ट्समध्ये (इंटरप्टची मोजणी दाखवणारी फाईल) १७ नंबरचा आकडा मोल्डच्या हिशेबानं सावकाश वाढतोय, कीबोर्डपण जिवंत. मनापासून आभार दोघांचे. स्पिनलॉकचं सेकंड शिफ्टला बदलतोय, आकडा मागं जातो का ते रात्रभर लॉग करून उद्या इथंच टाकतो.