ऑनलाइन बोलीत नकली माल गळ्यात पडला असेल तर अनुभव लिहा

तापीकाठची
आखाजीची साफसफाई चालूये, देवघरातला डबा उपसला तर तो व्हिक्टोरियाचा रुपया निघाला आणि परत सगळं डोक्यात गेलं. सासूबाईंच्या माहेरचा लक्ष्मीपूजनाचा रुपया चोरीला गेलेला, फार हळहळायच्या, म्हणून ह्यांनी ऑनलाइन लिलावात बोली लावून तसाच १८६२ चा घेतला. फोटो झकास. हातात आला तर कडेला बारीक रेघ, साच्याचे दोन भाग जोडल्यासारखी. जळगावला सराफाने काट्यावर ठेवला, असली रुपया ११.६६ ग्रॅमचा, हा दहासुद्धा भरेना. तोवर सासूबाईंचं हळदकुंकू वाहून झालेलं हो, पैशापेक्षा ते जास्त लागलं. विकणारा म्हणे जुनं नाणं झिजतंच. तुमच्याकडे झालंय का असं? काय केलंत?

नाणीवेडा धुळे
ताई नाण्यावर व्हिक्टोरियाच्या नावापुढे क्वीन लिहिलंय की एम्प्रेस ते बघा आधी. नाण्यांवर एम्प्रेस आलं १८७७ पासून, १८६२ च्या रुपयावर ते असूच शकत नाही. आणि लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या जर्मन सिल्व्हरलाही चुंबक चिकटत नाही.

तापीकाठची
एम्प्रेसच आहे!!! सराफाच्याही लक्षात नाही आलं

रावेरचा केळीवाला
आमचं मोटरीचं बेअरिंग. डबा नामी कंपनीचा, बोली स्वस्तात सुटली. ऐन मे महिन्यात मोटर घरघरायला लागली, खोलली तर छर्रे निळे पडलेले, आणि डब्यावरची छपाई बोटाने घासली की निघत होती. घड लागलेले असताना बागेचं पाणी तुटलं म्हणजे काय ते रावेर यावलवाल्यांना सांगायला नको. विकणाऱ्याचं खातंच गायब. पैसे जाऊ द्या भो, बाग वाळताना बघवत नाही

भुसावळची माई
अरेरे भाऊ 😔 बाग वाचली का मग?

रावेरचा केळीवाला
शेजारच्या काकांनी त्यांच्या विहिरीचं पाणी दिलं. अर्धी वाचली. उपकार विसरणार नाही.

अमळनेर फोटो
मेमरी कार्ड. वर ५१२ जीबी लिहिलेलं आत खरी जागा जेमतेम ३२ ची. सगळ्यात वाईट म्हणजे भरलं तरी ते सांगत नाही, फाइलींची नावं दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. एका मुलीच्या हळदीचे फोटो गेले, तिच्या आजीचे शेवटचे फोटो होते ते. आता नवीन कार्ड आलं की आधी पूर्ण भरतो, परत सगळं उघडून बघतो, मगच कॅमेऱ्यात टाकतो.

नंदुरबारची वकीलबाई
तापीकाठची, नाणं लगेच कुरिअरने परत पाठवू नका, पुरावा तोच आहे. काट्यावरचा फोटो, कडेचा फोटो, त्याची मूळ जाहिरात, सगळं आधी जपून ठेवा. मग लेखी तक्रार. विकणं हाच त्याचा धंदा असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे नकली माल परत घ्यायला तो नाही म्हणू शकत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. नाही ऐकलं तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन, त्यानेही नाही झालं तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, विकणारा कुठल्याही गावचा असो.

भुसावळची माई
हे मला माहीतच नव्हतं. आमच्या ह्यांना वाचून दाखवते. बरं तापीकाठची, आखाजीला मांडे खापरावरचे करतेस का गं अजून? माझं खापर तडकलं, चांगलं कुठे मिळेल?

तापीकाठची
माई चोपड्याच्या बाजारात बघा, आमचं तिथलंच. वकीलताई, जाहिरातीचा फोटो ह्यांच्या मोबाइलमध्ये आहे, आज रात्रीच तक्रार लिहिते. एम्प्रेसचं पण टाकते त्यात.

नाणीवेडा धुळे
कडेचा फोटो उन्हात काढा, रेघ ठळक येते

रावेरचा केळीवाला
अमळनेरवाले, कार्ड भरून बघायला कुठलं ॲप? पोराने पण एक मागवलंय