मदत हवी आहे: यकृताच्या एमआरआयमध्ये नेमका आर्टिरियल फेजच हलतो

नमस्कार. मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. यकृतात गाठ असलेल्या पेशंटचं स्कॅन आम्ही बहुतेक वेळा गॅडॉक्सेटेट (यकृताच्या पेशी शोषून घेतात असं कॉन्ट्रास्ट औषध) देऊन करतो, आणि माझं घोडं दर वेळी एकाच ठिकाणी अडतं.

कॉन्ट्रास्टआधीचा फेज (ठरावीक वेळी घेतलेला चित्रांचा संच) स्वच्छ, औषध यकृताच्या शिरेत पोचल्यावरचा पोर्टल व्हेनस बरा, २० मिनिटांनंतर औषध यकृताच्या पेशींत शिरल्यावरचा हेपॅटोबिलियरी तर उत्तम. आर्टिरियल, म्हणजे औषध नुकतंच धमन्यांतून यकृतात येतं तेव्हाचा, मात्र बऱ्याच जणांचा हलतो. यकृताची कडा दुहेरी दिसते, पोटाच्या भिंतीच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी आत उतरतात. सरावात त्याच माणसाने १५ सेकंद श्वास छान रोखलेला असतो! या औषधाने काहींना क्षणभर श्वास कोंडल्यासारखं होतं, त्यामुळे पेशंटला बोल लावण्यात अर्थ नाही. पण हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा (यकृताच्या पेशींचा कॅन्सर) ओळखायचा तो याच काही सेकंदांत गाठ चकाकते त्यावरून. तो फेज हातचा गेला की त्या दिवशी परत मिळत नाही, आणि सिऱ्हॉसिसने (यकृत कठीण होत जाण्याच्या आजाराने) थकलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचायला बोलवायचं अगदी जिवावर येतं.

सध्या सेकंदाला १ मिली वेगाने देतो, मागून सलाइन. ६० किलोच्या माणसाला औषध जेमतेम ६ मिली, त्यामुळे वेळ साधणंही नाजूक. छातीत जरा वेगळं वाटेल, लगेच जाईल, हे टेबलावर घेण्याआधीच सांगून ठेवतो. थोडा फरक पडतो, पुरेसा नाही.

एकाच श्वासात दोन-तीन छोटे आर्टिरियल फेज घेणारे कुणी आहेत का? रिझोल्यूशन किती सोडावं लागतं? रेडियल पद्धतीने (चित्राची माहिती चाकाच्या आऱ्यांसारखी गोळा करून) श्वास चालू ठेवून घेतलं तर रेषारेषा येतात, त्यात १ सेंटिमीटरची गाठ सुटत नाही ना? आणि मुळातच धाप लागणाऱ्या किंवा पोटात पाणी झालेल्या पेशंटसाठी रेडिओलॉजिस्टशी बोलून साधा एक्स्ट्रासेल्युलर (पेशींत न शिरणारा) कॉन्ट्रास्ट वापरता का? मला तेच बरं वाटतं, पण मग हेपॅटोबिलियरी फेजवर पाणी सोडावं लागतं.

आणखी एक. डाव्या खंडात, महाधमनीच्या बरोबर समोर, एक गोल ठिपका हुबेहूब गाठीसारखा दिसत होता. फेज एन्कोडिंगची दिशा (हालचालीच्या खोट्या सावल्या चित्रात ज्या दिशेने पसरतात ती) बदलून घेतलं तर तिथून नाहीसा झाला, म्हणजे महाधमनीच्या स्पंदनाचं भूत, खोटी सावली. डायनॅमिक (औषध दिल्यावर लागोपाठ घ्यायचे फेज) चालू असताना दिशा बदलायला सवड नसते. तेव्हा तुम्ही खात्री कशी करता? आमचं मशीन १.५ टेस्लाचं आहे.