'पाडायची गोळी' की 'तातडीची गोळी'? गर्भधारणा नेमकी कधी?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर):
पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांसाठी आम्ही काही जणी आरोग्यपत्रक तयार करतोय. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या गोळीला काय म्हणायचं यावर गाडी अडलीय. एकीनं 'गर्भ पाडायची गोळी' लिहिलंय, कारण वस्तीत तसंच बोलतात. मला ते पटत नाही. शिवाय 'गर्भधारणा' कधीपासून धरायची? संबंध आला त्या दिवसापासून, की पाळी चुकल्यापासून?

उत्तर (परिचारिका, सात रस्ता):
ताई, 'पाडायची' हा शब्द आधी खोडा. पाडायला आधी काही रुजलेलं लागतं, आणि ही गोळी त्याच्या कितीतरी अलीकडे काम करते.

संबंध आला की लगेच गर्भ राहत नाही. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. दोघांची गाठ गर्भनलिकेत पडते, ते फलन. फलित बीज हळूहळू खाली येतं आणि बीज सुटल्यापासून साधारण सहा ते दहा दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं. वैद्यकशास्त्र गर्भधारणा इथून धरतं. आपला शब्दही तेच सांगतो, गर्भाशयानं धारण केलं की धारणा. कितीतरी फलित बीजं रुजतच नाहीत, बाईला पत्ताही लागत नाही. लघवीच्या टेस्टमध्ये दिसणारं संप्रेरकसुद्धा रुजल्यानंतरच तयार व्हायला लागतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी टेस्ट करण्यात अर्थ नाही.

गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. ते बीज सुटणं लांबवतं. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि रुजलेल्या गर्भाला तिनं काही होत नाही. म्हणून ७२ तासांची वाट बघू नये, जितकी लवकर घ्याल तितकी बरी. 'तातडीची गर्भनिरोधक गोळी' लिहा. 'निरोध' हा शब्द सरकारी कंडोममुळे खेड्यापाड्यात पोचलेला आहे, तो कुणाला जड जाणार नाही.

औषध दुकानदार, नवी पेठ:
मॅडम बरोबर सांगतायत. आमच्याकडे लोक नुसतं 'पाळीची गोळी द्या' म्हणतात आणि हव्या असतात तीन वेगळ्या गोष्टी. गड्ड्याच्या यात्रेला किंवा गौरींना पाळी पुढे ढकलायची गोळी वेगळी, ७२ तासांची वेगळी, आणि गर्भपाताच्या गोळ्या तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. पाळी चुकून पंधरा दिवस झाल्यावर माणसं ७२ तासांची गोळी मागायला येतात, कारण तिला 'पाडायची' समजतात. घेऊन घरी जातात, वाट बघतात आणि दवाखाना गाठायला उशीर होतो. उलट जिला खरंच वेळेत हवी असते, ती पाप लागेल म्हणून घेत नाही. एका शब्दापायी दोघींचं नुकसान.

प्रश्नकर्ती:
मग खोडतेच. आणखी एक. आमच्या ओळखीत नवरा पुण्याला कामाला, महिन्यापूर्वी घरी येऊन गेला, आणि सोनोग्राफीत 'सहा आठवडे' आलं. सासूनं घर डोक्यावर घेतलंय.

परिचारिका:
त्या सुनेला आधी धीर द्या, हिशेब बरोबर आहे. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण बाईला नक्की आठवणारी तारीख तीच. पूर्ण दिवस भरायचे ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस, तेही तिथूनच. त्यातल्या पहिल्या सुमारे दोन आठवड्यांत गर्भ नसतोच! सहा आठवडे म्हणजे फलन होऊन जवळपास चारच झालेत. पत्रकात 'गर्भाचं वय' लिहू नका, 'शेवटच्या पाळीपासून आठवडे' लिहा.

प्रश्नकर्ती:
'दिवस गेले' चालेल का? की फार बोलीतलं होईल?

परिचारिका:
उलट तेच हवं. पाळीचा दिवस उलटून गेल्यावर बाई बोलते ते हे. सरळ लिहा : 'दिवस गेले असतील तर ही गोळी उपयोगी नाही, डॉक्टरांना दाखवा.' खाली आणखी दोन गोष्टी घाला. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. आणि पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली तर ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची. तांबी मुख्यतः शुक्राणूंना निकामी करते, बीज रुजायलाही अडथळा आणू शकते. 'कॉपर-टी' नको, बायका 'तांबी'च म्हणतात.