मदत हवी आहे: पर्समध्ये मावेल असं स्वस्त पण टिकाऊ मल्टिटूल सुचवा

घणसोली_अपडाउन:

नमस्कार मंडळी,

राहते ठाण्यात कोपरीला, नोकरी महाप्याला. रोज ट्रान्स हार्बरने घणसोली आणि पुढे शेअर रिक्षा. पंचवीस माणसांच्या ऑफिसात अ‍ॅडमिन बघते, म्हणजे पार्सल फोडण्यापासून साहेबांच्या चष्म्याची दांडी बसवण्यापर्यंत सगळं "मॅडमना विचार".

गेल्या वर्षी स्टेशनबाहेरच्या एका टपरीवरून साडेतीनशेला 'अकरा-इन-वन' घेतलं होतं. पक्कड, चाकू, करवत, कानस, शिवाय टॉर्चसुद्धा. पावसाळाभर पर्समध्ये ओल्या छत्रीशेजारी राहिलं आणि गणपतीपर्यंत करवत उघडेनाशी झाली. ते चाललं असतं, करवतीने मी काय कापणार होते? पण मागच्या सोमवारी खुर्चीच्या हाताचा स्टार स्क्रू आवळायला घेतला. स्क्रू जागचा हलला नाही, पेचकसाचं टोकच चकलीसारखं पिळलं गेलं. म्हणून पक्कड लावून जोर दिला, तर मधला रिव्हेट सुटून टेबलाखाली. वर कानशीच्या धारदार कडेनं अंगठा सोलला तो वेगळाच.

तर आता नीट विचारून घ्यायचं ठरवलंय. बजेट १५००, फारच चांगलं असेल तर २०००. चाव्यांच्या जुडग्यात किंवा पर्सच्या आतल्या कप्प्यात बसायला हवं. पक्कड हवीच असं वाटतंय. ट्रेकिंग वगैरे करत नाही, अडकून पडायची वेळ आलीच तर घोडबंदर रोडवर येते. आणि हो, असलं काही पर्समध्ये घेऊन फिरणं कायद्यात बसतं ना?

सह्याद्रीचा_भटक्या:

घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या, लेदरमन. टिम लेदरमन हा अमेरिकन १९७५ साली जुनी फियाट घेऊन युरोपात फिरत होता. गाडी सारखी बंद पडायची आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. तिथून त्याच्या डोक्यात हे आलं. पहिलं टूल बाजारात यायला १९८३ उजाडलं. माझं त्यांचंच 'वेव्ह' मॉडेल कितीतरी ट्रेक झाले, तसंच्या तसं आहे. २५ वर्षांची वॉरंटी असते.

घणसोली_अपडाउन:

कहाणी मस्त आहे दादा, पण किंमत बघून पर्स बंद केली. आणि वजन २४१ ग्रॅम? पाव किलोच झालं की. तेवढ्यात आमच्या घरी दोघांची भेंडी होते.

टूलरूम_निवृत्त:

ताई, वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.

या वस्तूंची दोन घराणी आहेत. एक पक्कडवाल्यांचं, ते भटक्यांनी सांगितलंच. दुसरं चाकूवाल्यांचं, म्हणजे स्विस सैन्याचा चाकू. १८९१ साली तो सैनिकांना मिळाला तेव्हा त्यात पेचकस होता तो रायफल खोलायला, आणि डबा फोडायची आकडी होती ती जेवायला. पुढे १८९७ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सचा संस्थापक कार्ल एल्सेनर याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू नोंदवला, आजचा व्हिक्टोरिनॉक्स त्याच्याच वंशातला. घराणं ठरवलं की अर्धी निवड झाली.

पक्कडवाल्यांत स्वस्त माल बेभरवशाचा निघतो, कारण सगळा जोर एका रिव्हेटवर आणि दोन जबड्यांवर येतो. लांब दांड्याच्या पकडीत तो दांडाच तरफेचं काम करतो. बोटभर लांबीच्या पकडीला तेवढी तरफ मिळत नाही, म्हणून आपण जास्त दाबतो. मऊ रिव्हेट त्या दाबाला आधी ताणतो, मग सुटतो. तुमचा सुटला यात काही नवल नाही.

स्टीलचं बोलायचं तर डब्यावर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही. स्वस्त चिनी टूलमध्ये बहुतेक वेळा 'थ्री सीआर थर्टीन' नावाचं स्टील असतं. क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणून गंजायला वेळ घेतं. कार्बन जेमतेम ०.३ टक्के, म्हणून धार लवकर जाते. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं साधारण ५६ रॉकवेलला (हे कडकपणाचं माप) कडक केलेलं असतं. फार कडक नाही, पण घरच्या धारेच्या दगडावर पाच मिनिटांत परत धार लागते. आणि स्टेनलेससुद्धा गंजतं बरं का. खाडीची हवा आणि ओली छत्री एकत्र आली की बिजागरीत आधी लागतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं आणि त्यात धूळ बसते.

आता एक गृहपाठ देतो. दोन आठवडे फोनमध्ये लिहून ठेवा, कधी कोणतं हत्यार लागलं. "लागेल" नाही, "लागलं". मग परत या.

खोपटचा_वायरमन:

काकांना अनुमोदन. माझी एकच भर. यातलं कुठलंही टूल घेऊन स्विचबोर्डला हात लावू नका. सगळ्याची मूठ धातूची किंवा वरवरच्या प्लास्टिकची. २३० व्होल्टला ते इन्सुलेशन धरायचंच नाही. एमसीबी पाडूनसुद्धा आधी टेस्टर लावून बघायचं. वायर सोलायची खाच असते काहींत, ती वीज बंद असलेल्या वायरसाठी.

बेलापूरचा_काळा_कोट:

कायद्याचं विचारलंत म्हणून. शस्त्र नियमांत परवान्याच्या कक्षेत जे चाकू येतात ते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचे, आणि त्यातूनही घरगुती, शेती किंवा कारखान्याच्या कामाचे वगळलेले आहेत. तुमचं दीड इंचाचं पातं त्यात कुठेच बसत नाही. खटका दाबल्यावर टपकन उघडणारं मात्र घेऊ नका, पोलिसाला ते रामपुरीच दिसणार. दुसरं म्हणजे सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात चाकूचा उल्लेख असतोच. त्या दिवसांत मिरवणुकीच्या गर्दीत शिरताना घरी ठेवलेलं बरं. मॉलच्या आणि मेट्रोच्या दारातही स्कॅनर असतो, तिथे गार्डशी वाद घालून लोकल चुकवू नका. आणि विमानात केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्ये टाकायचं. विसरलात तर तिथल्या डब्यात जाईल, परत मिळणार नाही.

घणसोली_अपडाउन:

काका, गृहपाठ झाला. कामाचे दहा दिवस लिहिलं.

कात्री चौदा वेळा. कुरियरची प्लास्टिक पट्टी, औषधाची पाकिटं, ओढणीचे दोरे, केबलचे झिप टाय, लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टची चिकटपट्टी (ती लोकलमध्ये, ऐरोली ते रबाळेच्या मधे, उभ्यानं). बारीक पेचकस सहा वेळा, त्यातले चार चष्मे. पातं पाच वेळा, सगळी पार्सलंच. चिमटा तीनदा, एकदा बोटात घुसलेलं लाकडाचं कुसळ, दोनदा प्रिंटरमधला कागदाचा तुकडा. पक्कड एकदा. तीसुद्धा पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला, जे शिपाईदादांनी हातानंच उघडलं.

मला खरंच पक्कड हवी होती असं वाटत होतं!

टूलरूम_निवृत्त:

बघा, तुमच्या पर्सला कात्री हवी आहे, बाकी सगळं तिच्यामागून. ५८ मिमीचा व्हिक्टोरिनॉक्स 'क्लासिक एसडी' बघा. साधारण २१ ग्रॅम. छोटं पातं, कात्री, कानस, चिमटा, दात कोरणी. कानशीच्या टोकाला २.५ मिमीचा चपटा पेचकस आहे, एसडी म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, तोच हा. चष्म्याच्या चपट्या खाचेत तो बसतो, फार बारीक स्क्रूला जाड पडेल. त्याच मापात 'रॅम्बलर' येतो, त्यात स्टार टोकही आहे, पण तो तुमच्या बजेटबाहेर जाईल. खुर्चीसाठी स्टार हवा असेल तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये मोठ्या मुठीचा एक पेचकस आणि एक टापरियाची पक्कड ठेवा. स्टार टोकांची मापं असतात, खुर्चीला बहुधा दोन नंबर लागेल. एक नंबर त्यात घालून पिळलात की खाच खाल्लीच म्हणून समजा.

एक इशारा. लाल कवच आणि पांढरा क्रॉस बघून भुलू नका, तो छाप टपरीवरच्या शंभराच्या मालावरही असतो. कात्रीवरून कळतं. दुकानात उघडा आणि दोन पाती उजेडासमोर धरून हळू मिटा. बंद होताना फट सरकत सरकत टोकाकडे जायला हवी, मध्येच उजेड दिसला तर परत द्या. मग ओढणीचा एकच दोरा टोकानं कापून बघा. दोरा पात्यांत अडकून वळला तर कात्री खोटी. पातं उघडं ठेवून बाजूला हलवा, बिजागरीत खुळखुळ नको.

सह्याद्रीचा_भटक्या:

हार मानली. पण काका, पक्कड नसलेलं मल्टिटूल म्हणजे साबुदाणा नसलेली खिचडी.

टूलरूम_निवृत्त:

मुगाची खिचडी रोज खातो मी. पचते.

घणसोली_अपडाउन:

अपडेट. शनिवारी आधी गोखले रोडला दोन दुकानं बघितली, तिथे नव्हतं, मग वाशीला मिळालं. काऊंटरवरच्या मुलाला कात्री उजेडात धरलेली बघून वाटलं मी हिरा पारखतेय. पहिल्या नगाला मध्ये बारीकशी उजेडाची रेघ दिसली, दुसरा काढायला लावला. किंमत माझ्या २०००च्या आत, फार आत नाही. जुडग्याला लावलाय, पर्समध्ये आहे हे कळतही नाही. ड्रॉवरसाठी दोन नंबरचा पेचकस जांभळी नाक्याच्या हार्डवेअरवाल्याकडून घेतला.

आता शेवटचा प्रश्न. खुर्चीच्या त्या स्क्रूची खाच मी आधीच खाऊन ठेवली आहे. नवा पेचकस त्यात नुसता गरागरा फिरतो. काढू कसा?

टूलरूम_निवृत्त:

रुंद रबर बँड खाचेवर ठेवा, त्यावर पेचकस दाबा आणि सगळं वजन टाकून सावकाश फिरवा. झिजलेल्या जागेत रबर बसतो आणि पकड मिळते. घाई केलीत तर रबर फाटेल.

घणसोली_अपडाउन:

रुंद रबर ऑफिसात नव्हता. हाउसकीपिंगच्या ताईंकडून जुना रबरी हातमोजा घेतला, नव्या कात्रीनं त्याचा चौकोन कापला. तिसऱ्या प्रयत्नात स्क्रू फिरला. ज्यांची खुर्ची होती त्यांनी आता टेबलाचा पाय दाखवलाय.