भ्रूण, गर्भ आणि मोड : कोणता शब्द कुठे वापरावा?

प्रश्न

माझा नातू इंदूरला हिंदी माध्यमातून बारावीचे जीवशास्त्र शिकतो आणि संध्याकाळी मी त्याला तोच पाठ मराठीतून समजावते. त्याच्या पुस्तकात ‘निषेचन’ आहे, माझ्या तोंडी ‘फलन’ येते. माणसाबद्दल बोलताना आम्ही घरात ‘गर्भ’ म्हणतो, वनस्पतींच्या पाठात मात्र ‘भ्रूण’ येतो, आणि परवा मटकीला मोड आलेले पाहून तो सहज म्हणाला, “आजी, भ्रूण निकल आया.” हे सारे शब्द एकाच अर्थाचे समजावेत काय? शिवाय ‘भ्रूणपोष’, म्हणजे बियांत भ्रूणाला अन्न पुरवणारा भाग, ही झाडाची वार (आईच्या पोटात बाळाला पोसणारी), असे मी त्याला सांगितले तर चालेल का?

उत्तर

आजी, फलन आणि निषेचन यांचा निकाल आधी लावतो, कारण तो सोपा आहे. दोन्ही शब्दांनी पुंयुग्मक व स्त्रीयुग्मक, म्हणजे नर व मादी जननपेशी, यांचे मीलनच सांगितले जाते. मराठीत ‘फलन’ रूढ झाला, हिंदीत ‘निषेचन’. आपल्या नातवाच्या बाबतीत मात्र एक खरी अडचण आहे. हिंदीतल्या गणिताच्या पुस्तकात ‘फलन’ हा शब्द अगदी वेगळ्या, गणिती अर्थाने येतो, त्यामुळे आपण ‘फलन’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे परागकण न येता समीकरण येण्याचा संभव आहे. त्याला दोन्ही शब्द सांगावेत. उत्तरपत्रिकेत मात्र एकच शब्द अखेरपर्यंत ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. फलनानंतर जी एक पेशी तयार होते ती ‘युग्मनज’, आणि ती विभागू लागली की पुढच्या अवस्थेला वनस्पती व मानव या दोन्हींत ‘भ्रूण’ म्हणावे, असे माझे मत आहे. मराठीत वनस्पतींच्या बाबतीतही ‘गर्भ’ लिहिण्याची जुनी पद्धत आहे आणि ती चुकीची नाही, परंतु ‘गर्भ’ या शब्दाचा पसारा फार मोठा आहे. गाभा, गाभारा, गाभण हे सारे त्याच घराण्यातले शब्द असून त्यांत ‘आतला भाग’ आणि ‘पोटातले मूल’ असे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. मानवी वाढीत फलनापासून आठव्या आठवड्याच्या अखेरपर्यंत भ्रूण आणि त्यानंतर जन्मापर्यंत गर्भ, अशी वाटणी शास्त्रीय लेखनात उपयोगी पडते, कारण तोवर प्रमुख अवयवांची मांडणी होऊन गेलेली असते आणि पुढे मुख्यतः वाढ व पक्वता यांचे काम उरते. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द या वाटणीत बसत नाही, कारण सोनोग्राफीत लिंग ओळखू येते तेव्हा भ्रूणावस्था संपलेली असते. तरीही तो शब्द समाजाने एका गंभीर अपराधासाठी स्वीकारला आहे, आणि तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

मटकीविषयी मात्र नातवाला अवश्य थांबवा. मोड आल्याने भ्रूण निर्माण होत नाही. तो शेंग झाडावर असतानाच तयार झालेला असतो, बी वाळल्यावर त्याची वाढ थांबते आणि पाणी मिळाल्यावर पुन्हा सुरू होते. मटकीतून प्रथम बाहेर डोकावते ते त्याचे आदिमूळ, ज्याला त्याच्या पुस्तकात ‘मूलांकुर’ म्हटले असेल. रात्रभर भिजवलेला हरभरा त्याच्यासमोर सोलून पाहा. साल निघाल्यावर दोन डाळिंब्या दिसतात आणि त्या एका कडेला बारीक चोचीसारख्या भागाशी जोडलेल्या असतात. पुष्कळ विद्यार्थी त्या चोचीलाच भ्रूण म्हणतात, पण दोन्ही डाळिंब्या हीसुद्धा भ्रूणाचीच बीजपत्रे, म्हणजे बियांतली पहिली पाने, आहेत. साल वगळता हाती उरतो तो जवळजवळ संपूर्ण भ्रूणच, कारण हरभऱ्यात भ्रूणपोष बी पक्व होईपर्यंत वापरला जाऊन त्यातले अन्न बीजपत्रांत साठलेले असते. म्हणजे आपण वरणासाठी डाळ शिजवतो तेव्हा वनस्पतीच्या भ्रूणाचाच मोठा भाग शिजवत असतो.

ज्या दाण्यात भ्रूणपोष टिकून राहतो, तो पाहायचा असेल तर आपल्या इंदुरी घरांत भुट्ट्याच्या किसासाठी आणलेले कोवळे कणीस घ्यावे. किसताना हाताला जे दूध लागते ते मुख्यतः कोवळ्या भ्रूणपोषातून आलेले असते. वाळलेल्या दाण्यावर एका बाजूस बुडाकडे दिसणारा फिकट, लांबट भाग हा भ्रूण असतो.

या भ्रूणपोषाची तुलना वारेशी करण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण दोहोंमुळे भ्रूणाचे पोषण होते, परंतु त्यांचे मूळ वेगळे आहे आणि परीक्षेतही हाच प्रश्न विचारतात. सपुष्प वनस्पतीत परागनलिकेतून दोन पुंयुग्मके येतात. एक अंडपेशीशी मिळून युग्मनज बनतो, दुसरे बीजांडातल्या मधल्या पेशीतील दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळते आणि त्यापासून भ्रूणपोष तयार होतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नावाशिन यांनी 1898 मध्ये दाखवून दिलेले हे दुहेरी फलन. मक्याच्या भ्रूणाच्या पेशीत 20 गुणसूत्रे असतात, तर त्याच दाण्यातल्या भ्रूणपोषाच्या पेशीत 30, कारण तेथे दोनऐवजी तीन केंद्रके एकत्र येतात. मानवात असे दुसरे फलन नाही. एकाच युग्मनजापासून सुमारे पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पेशींची पोकळ गोळी, तयार होते. तिच्या आतील पेशीसमूहापासून भ्रूण घडतो आणि बाहेरच्या थरापासून वारेचा मोठा भाग, ज्याला आईच्या गर्भाशयातल्या ऊतींचीही जोड मिळते. उगमाच्या दृष्टीने वारेच्या अधिक जवळ काही असेल तर तो वनस्पतीतला निलंबक होय. युग्मनजाच्या पहिल्या विभाजनानंतर जी खालची पेशी उरते, मुख्यतः तिच्यापासून तो बनतो आणि भ्रूणाला भ्रूणपोषात पुढे ढकलून अन्न पोहोचवण्यास मदत करतो. तेव्हा ‘भ्रूणपोष म्हणजे झाडाची वार’ असे सांगू नये. ‘भ्रूणासाठी साठवलेली शिदोरी’ असे सांगावे.

पूरक प्रश्न

वंध्यत्वावरील उपचारांच्या माहितीपत्रकांत ‘भ्रूण प्रत्यारोपण’ असे लिहिलेले दिसते. ते बरोबर आहे काय? आणि आठ आठवड्यांची जी सीमा आपण सांगितली, ती सोनोग्राफीच्या अहवालातल्या आठवड्यांशी जुळत नाही असे वाटते.

उत्तर

दोन्ही शंका रास्त आहेत. ‘प्रत्यारोपण’ हा शब्द मूत्रपिंडासारखा अवयव एका शरीरातून काढून दुसऱ्यात बसवण्यासाठी रूढ आहे. येथे डॉक्टर प्रयोगशाळेतला भ्रूण नळीने गर्भाशयात सोडतात, म्हणून त्याला ‘भ्रूण स्थानांतरण’ म्हणावे. त्यानंतर भ्रूणाने गर्भाशयाच्या अस्तरात स्वतः रुजणे हे ‘रोपण’ होय. नैसर्गिक गर्भधारणेत ते फलनानंतर सहाव्या-सातव्या दिवशी सुरू होते. हे दोन शब्द वेगळे ठेवले नाहीत तर स्थानांतरण झाले म्हणजे गर्भ राहिला, असा समज घेऊन दाम्पत्य घरी जाते, आणि रोपण न झाल्यास त्यांचे दुःख दुणावते.

आठवड्यांबद्दल सांगायचे तर, अहवालातली गणना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते, तर भ्रूणविज्ञानातली फलनापासून. त्यामुळे अहवाल साधारण दोन आठवडे पुढे असतो आणि भ्रूणावस्था तेथे दहाव्या आठवड्याच्या अखेरीस संपते. लेखात आकडा देताना ‘फलनापासून’ किंवा ‘पाळीपासून’ हा शब्द त्याच्याआधी जोडून लिहावा.